विद्यार्थ्यांच्या हाती मोजपट्टी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. चहाच्या सुट्टीत तिथल्या मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने आपल्या खोलीतला फलक दाखवला. संस्थेने त्या वर्षी एक नवा उपक्रम सुरू केला होता. आठवी-नववीच्या मुलांना दहा प्रश्नांचा छापील तक्ता देऊन प्रत्येक विषयशिक्षकाला एक ते पाच यांपैकी गुण द्यायला सांगितले होते. त्यांची सरासरी काढून, उतरत्या क्रमाने, शिक्षकांच्या नावांसह ती फलकावर लावली होती. सर्वांत वर ४.६, तळाशी ३.४. विज्ञानाच्या बाई ३.५ गुण घेऊन शेवटून दुसऱ्या.

याच बाईंनी सकाळच्या सत्रात बुटाच्या खोक्याचा सूचिछिद्र कॅमेरा करून दाखवला होता. छिद्र मोठे केले तर प्रतिमा पुसट का होते, हे त्यांनी आम्हालाच विचारले होते आणि उत्तर मिळेपर्यंत हसत उभ्या राहिल्या होत्या. निघताना त्या म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षी माझे चारच्या वर जाणार बघा." कसे, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, "प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देणार. पहिला नंबर आलाय त्यांचं तेच तर गुपित आहे."

आम्ही त्यावर काहीच बोलू शकलो नाही. त्या वेळी न सुचलेले थोडेसे इथे मांडत आहोत.

माध्यमिक शाळेतल्या मुलांनी आपल्या शिक्षकांविषयी अभिप्राय द्यावा की नाही, या प्रश्नावर शिक्षकांच्या खोलीत साधारणपणे दोन मते ऐकू येतात. एक, "पोरांना काय कळतं?" आणि दुसरे, अलीकडे संस्थाचालकांच्या तोंडी जास्त असलेले, "शेवटी मुलं म्हणजे आपले ग्राहकच." महाविद्यालयांत 'नॅक'च्या मूल्यांकनामुळे विद्यार्थ्यांकडून अभिप्राय घेण्याची रीत रुळली. २०१७ पासून तर विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण त्या मूल्यांकनाचा भागच झाले. तिथले तक्ते आता थोडेफार शब्द बदलून हायस्कुलात उतरू लागले आहेत. आम्हाला ही दोन्ही मते मान्य नाहीत. कारण सांगण्यापूर्वी तो फलक एखाद्या उपकरणाचे वाचन समजून तपासू या. विज्ञान शिकवणाऱ्यांना ही सवय असायलाच हवी.

समजा, एका वर्गात पन्नास मुले आहेत आणि त्यांनी दिलेल्या गुणांचे प्रमाण विचलन साधारण एक आहे. पाच गुणांच्या पट्टीवर ते एवढे असणे अगदी शक्य आहे. मग सरासरीतली अनिश्चितता एक भागिले पन्नासचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.१४ एवढी येते. दोन शिक्षकांच्या सरासरींची तुलना करायची तर ती आणखी वाढते, ०.२ होते. म्हणजे ३.४, ३.५ आणि ३.७ यांना शेवटचा, शेवटून दुसरा, तिसरा असे क्रमांक देणे म्हणजे सेंटिमीटरच्याच खुणा असलेल्या पट्टीने केसाची जाडी मोजण्यासारखे आहे. चार मुले त्या दिवशी गैरहजर असती तर कदाचित क्रम बदलला असता. फलकावरचे निम्मे क्रमांक एवढ्यावरच गळून पडतात.

पण सगळे गळत नाहीत. ४.६ आणि ३.५ यांच्यातला फरक खरा आहे, योगायोगाचा नाही. मुलांनी काहीतरी नक्की मोजले आहे. प्रश्न एवढाच उरतो की काय मोजले? वर्निअर कॅलिपरमध्ये शून्यत्रुटी असेल तर शंभर वेळा वाचन घेऊन सरासरी काढली तरी ती जात नाही, हे आपण अकरावीत शिकवतो. उलट, वाचने एकमेकांशी छान जुळतात आणि आपला त्या चुकीच्या आकड्यावर विश्वास बसतो. बी.एड.च्या भाषेत सांगायचे तर विश्वसनीयता वेगळी आणि सप्रमाणता वेगळी.

या शून्यत्रुटीचा शोध घेणारा एक सुंदर प्रयोग हार्वर्ड विद्यापीठात झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लुई देलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. विषय तेच, हाती दिलेली टिपणे तीच. एका गटाला उत्तम वक्त्याने व्याख्यान देऊन शिकवले. दुसऱ्या गटाला आधी लहान लहान टोळ्यांत गणिते सोडवायला लावली आणि मग उत्तर समजावून सांगितले. पुढच्या विषयाच्या वेळी गटांची अदलाबदल केली. प्रत्येक तासानंतर दोन गोष्टी विचारल्या: एक चाचणी, आणि "तुम्हाला किती शिकल्यासारखे वाटले?" चाचणीत स्वतः झगडलेला गट पुढे होता. शिकल्यासारखे मात्र व्याख्यान ऐकलेल्यांना जास्त वाटले होते! अस्खलित व्याख्यान ऐकताना डोक्याला अडखळायला होत नाही, आणि न अडखळणे म्हणजेच समजणे असा आपला समज होतो. झगडताना चुका होतात, गोंधळ होतो, आणि तो गोंधळ विद्यार्थी शिक्षकाच्या खाती मांडतात.

आमच्या सूचिछिद्र कॅमेऱ्यावाल्या बाईंचे ३.५ आता थोडे वेगळे दिसू लागतात.

अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीतला अभ्यास याहून कडक आहे. तिथे विद्यार्थ्याला शिक्षक निवडता येत नाही, प्रशासन चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करते, आणि परीक्षा सर्वांना एकच असते. संशोधकाला याहून जास्त काय हवे! स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी तिथल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या शिक्षकांच्या हाताखाली त्या सत्राच्या परीक्षेत जास्त गुण मिळत, त्यांना विद्यार्थ्यांचे अभिप्रायही चांगले मिळत. पण तेच विद्यार्थी पुढच्या, वरच्या पातळीच्या गणितात मागे पडत. ज्यांना कमी पसंती मिळाली होती त्यांचे विद्यार्थी पुढे जात. दहावीचा निकाल आणि अकरावी विज्ञानातली पडझड ज्यांनी जवळून पाहिली आहे, अशा वाचकांना याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

म्हणजे "पोरांना काय कळतं" हेच खरे? जरा थांबा. १९७० साली अमेरिकेत मायकेल फॉक्स नावाच्या नटाला 'डॉक्टर फॉक्स' म्हणून उभे करून एक व्याख्यान द्यायला लावले होते. विषय होता गणिती क्रीडा-सिद्धांत आणि वैद्यकीय शिक्षण. व्याख्यानात परस्परविरोधी विधाने, निरर्थक संदर्भ आणि भरपूर विनोद एवढेच होते. समोर बसले होते मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि तत्सम मंडळी. त्यांनी अभिप्राय दिला, तो बहुतांशी अनुकूल! तेव्हा वक्तृत्वाला भुलण्याचा दोष काही चौदा वर्षांच्या मुलांचाच नव्हे. 'हे शिक्षक चांगले आहेत का?' हा प्रश्नच असा आहे की त्यावर कोणाचाही निवाडा डळमळीत ठरतो.

एक पूर्वग्रहही नोंदवायला हवा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर कॅरोलायनातल्या एका प्रयोगात दूरस्थ अभ्यासक्रमाच्या दोन शिक्षकांनी, एक पुरुष व एक स्त्री, आपापल्या एका गटाला खरी आणि दुसऱ्या गटाला एकमेकांची ओळख सांगितली. शिकवणारी व्यक्ती कोणीही असो, पुरुषाचे नाव धारण केलेल्याला विद्यार्थ्यांनी जास्त गुण दिले. विद्यार्थी पन्नासही नव्हते, त्यामुळे या एका प्रयोगावर मनोरा बांधू नये. तरी ज्या शाळांत मुले सरांना घाबरतात आणि बाईंना गृहीत धरतात, तिथल्या मुख्याध्यापकांनी तो लक्षात ठेवलेला बरा.

आता दुसरी बाजू. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग महाविद्यालयांतले आहेत. शालेय पातळीवरचा सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेतच २००९ पासून तीन वर्षे चालला. गेट्स प्रतिष्ठानच्या पैशातून न्यूयॉर्क, डॅलस, डेन्व्हर, मेम्फिस, शार्लट आणि टँपा या शहरांच्या परिसरातील सुमारे तीन हजार शिक्षक त्यात स्वखुशीने सामील झाले. वर्गांचे चित्रीकरण झाले, मुलांच्या चाचण्या झाल्या, आणि मुलांना 'ट्रायपॉड' नावाची एक प्रश्नावलीही दिली गेली. ती हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोनाल्ड फर्ग्युसन यांनी तयार केली होती. तिची घडण पाहण्यासारखी आहे. 'शिक्षक तुम्हाला आवडतात का' यापेक्षा वर्गात काय घडते यावर तिचा भर आहे. वर्गात वेळ वाया जातो का? मुले शिक्षकांच्या सांगण्याप्रमाणे वागतात का? आपल्याला समजले की नाही हे शिक्षक तपासतात का? उत्तर दिल्यावर 'असे का' हे सांगायला लावतात का?

यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे प्रशिक्षित निरीक्षकाच्या एखाद्या भेटीपेक्षा वर्गाचा एकत्रित अभिप्राय अधिक स्थिर होता. तसे पाहिले तर यात नवल नाही. निरीक्षक एक तास बसतो, मुले वर्षभर बसतात, आणि ती पंचवीस-तीस असतात. तपासणीच्या दिवशीचा पाठ कसा असतो हे वाचकांना आम्ही सांगायला नकोच. त्या दिवशी जे फळ्यावर लावले जातात ते तक्ते पुन्हा कपाटात कधी जातात, हे फक्त मुलांनाच माहीत असते. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटली. ज्या प्रश्नांचा मुलांच्या प्रत्यक्ष प्रगतीशी जास्त संबंध दिसला ते लाडाकोडाचे नव्हते. वर्ग ताब्यात आहे का, आणि आमच्याकडून कसून विचार करून घेतला जातो का, हे ते प्रश्न होते. मुलांना सैल वर्ग हवा असतो, हा आपला समज निदान इथे तरी टिकला नाही.

मात्र दोन सावधगिऱ्या. प्रगतीशी असलेला हा संबंध माफकच होता. आणि मुलांची उत्तरे बंद पाकिटात जात होती, संशोधनाच्या त्या टप्प्यावर त्यांवर कोणाची बढती किंवा नोकरी अवलंबून नव्हती. मापनावर बक्षीस आणि शिक्षा टांगली की मापन बिघडते, हे समाजमानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७६ मध्येच लिहून ठेवले आहे. त्याच प्रतिष्ठानने काही जिल्ह्यांत शिक्षकांचे मूल्यमापन, बढती आणि भत्ते यांची मोठी योजना राबवली. काही ठिकाणी मुलांची प्रश्नावलीही तिचा भाग होती. २०१८ मध्ये रँड या संस्थेने तिचा हिशेब मांडला, तेव्हा मुलांच्या शिक्षणात म्हणण्यासारखी सुधारणा आढळली नाही.

आपल्याकडे तर टांगती तलवार आधीच असते. तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करणाऱ्या तरुण शिक्षकाच्या हाती ३.५ चा कागद ठेवला तर तो काय करील? बाईंनी जे ठरवले तेच करील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आता पुन्हा त्या शाळेकडे. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्याध्यापकांना मूळ तक्ते पाहायला मागितले. ते कपाटात गठ्ठा बांधून ठेवलेले होते. सरासरी काढल्यावर कोणी ते उघडले नव्हते. प्रत्येक तक्त्यावर मुलाचा हजेरी क्रमांक होता. ('शिस्तीसाठी', असे उत्तर मिळाले.) तळाशी 'इतर काही' म्हणून दोन ओळींची जागा होती. बहुतेकांनी ती कोरी सोडली होती किंवा 'छान' एवढेच लिहिले होते. पण नववीच्या गठ्ठ्यात विज्ञानाच्या बाईंविषयी काही ओळी होत्या. "बाई उत्तर सांगत नाहीत, उलट आम्हालाच विचारतात." ही तक्रार होती आणि त्या मुलीने पाचपैकी दोन गुण दिले होते. आम्ही तिच्या जागी असतो तर बहुधा तेच केले असते. आम्हाला नववीत गणित शिकवणारे सर असेच उत्तर दाबून ठेवत. त्यांचा आम्हाला मनस्वी राग येई, आणि भूमिती आम्हाला जी काही येते ती त्यांच्यामुळेच.

दुसरी एक ओळ अशी होती: "प्रयोग पुढच्या तीन बाकांना करायला मिळतात. मागे दिसत नाही." त्याच अर्थाच्या ओळी आणखी चार तक्त्यांवर होत्या. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, हजेरी क्रमांक झाकून, आम्ही त्या ओळी बाईंना वाचून दाखवल्या. पहिल्या ओळीवर त्या हसल्या. दुसऱ्या ओळीवर त्यांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "खरं आहे. चौसष्ट मुलं आणि दोन भिंगं. पुढची हुशार मुलं पटकन हात वर करतात, मी त्यांनाच देते." ३.५ ने त्यांना फक्त अपमान वाटला होता, आणि त्यावरचा उपाय त्यांनी भलताच शोधला होता. या एका ओळीने त्यांना जे कळले ते ना तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला दिसले असते, ना आमच्यासारख्या पाहुण्याला. ते फक्त मागच्या बाकावरूनच दिसते.

आमचा मुद्दा हा एवढाच आहे. बाई चांगल्या की वाईट हे ठरवणे मुलांचे काम नाही. मागच्या महिन्यात किती प्रयोग स्वतःच्या हाताने केले, प्रश्न विचारल्यावर काय झाले, फळ्यावरचे मागून वाचता येते का, कोणत्या धड्याला आपण हरवलो, हे मात्र त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. आम्हा संशोधकांचे लेखही अनामिक परीक्षकांकडे जातात. ते पाचपैकी गुण देऊन थांबत नाहीत, चौथ्या पानावरचा युक्तिवाद का पटला नाही हे लिहितात. राग येतो, पण लेख सुधारतो. केवळ ३.५ असे कळले असते तर आम्हीसुद्धा पुढचा लेख परीक्षकाला रुचेल असा लिहिला असता.

मुलांच्या निरीक्षणाला कमी लेखणाऱ्यांनी 'लेत्तेरा आ उना प्रोफेस्सोरेस्सा' हे पुस्तक जरूर वाचावे. फ्लॉरेन्सजवळच्या बार्बियाना या डोंगराळ वस्तीतल्या आठ मुलांनी, लोरेन्झो मिलानी या पाद्र्याच्या शाळेत बसून, १९६७ मध्ये ते लिहिले. आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेले ते पत्र आहे. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. त्यात चीड आहे, काही ठिकाणी अन्यायही आहे असे आम्हाला वाटते. त्या शिक्षिकेची बाजू त्यात कोठेच येत नाही. पण शाळेतून गळणारी मुले कोणाची असतात हे त्या मुलांनी सरकारी आकडेवारी घेऊन तक्त्यांनिशी दाखवले. ते काम इतके चोख होते की इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने त्याला पारितोषिक दिले! तोही विद्यार्थ्यांचा अभिप्रायच होता, फक्त एक ते पाचच्या चौकटीत मावणारा नव्हता.

आपल्या जवळचे उदाहरण होशंगाबादचे. १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेल्या तिथल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलांच्या अडचणी वर्गातून शिक्षकांकडे, शिक्षकांच्या मासिक बैठकीतून पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांकडे जात. कोणता प्रयोग जमत नाही, कोणती सूचना मुलांना कळत नाही, यावरून धडे पुन्हा लिहिले जात. 'सवालीराम' या काल्पनिक व्यक्तीला मुले पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात. २००२ मध्ये तो कार्यक्रम शासनाने बंद केला. तीस वर्षे मुलांचे म्हणणे तिथे रोजच्या कामाचा भाग होते, आणि त्यासाठी कोणा शिक्षकाचा क्रमांक लावायची गरज पडली नाही.

मारहाण, अपमान, जातीवरून टोमणे, मुलींशी गैरवर्तन या गोष्टी अभिप्रायात मोडत नाहीत, हेही स्पष्ट केले पाहिजे. त्या तक्रारी आहेत. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. अशा तक्रारीला सरासरी लागत नाही, एकाच मुलाने केली तरी पुरते. चौसष्ट तक्त्यांच्या सरासरीत ती बुडवणे हा त्या मुलावर आणखी एक अन्याय होईल.

बाकी करून पाहायचे असेल तर फार खटाटोप लागत नाही. सहामाहीनंतर लगेच नको, गुणांचा राग-लोभ ताजा असतो. घटक संपल्यावर पाच मिनिटे, वहीचा पाव कागद, नाव नाही, क्रमांक नाही. अक्षर ओळखू येईल ही भीती मुलांना असतेच, म्हणून चिठ्ठ्या गोळा करायला मुलांपैकीच एक हवा, आणि शिक्षकाने अक्षर शोधत बसायचे नाही असे स्वतःशी ठरवायला हवे. प्रश्न दोनच, या घटकात कुठे अडलो आणि कशामुळे समजले. चिठ्ठ्या मुख्याध्यापकांकडे जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे की अमुक बदलतो, तमुक बदलता येत नाही, आणि उत्तर लगेच का सांगत नाही. हे शेवटचे कारण सांगण्याला महत्त्व आहे. हार्वर्डच्या त्या संशोधकांनीही पुढे सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थ्यांना आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष समजावून सांगितला, आणि झगडायला लावणाऱ्या तासांविषयीचे त्यांचे मत त्यानंतर सुधारले.

फलकाचे पुढे काय झाले ते आम्हाला कळले नाही. बाईंचे मात्र दिवाळीनंतर पत्र आले. भिंगे दोनाचीच आहेत, पण काचेच्या बाटलीत पाणी भरून त्यांनी आणखी आठ 'भिंगे' केली होती आणि टोळ्या पाडून मागच्या बाकापासून सुरुवात केली होती. प्रश्नोत्तरेही त्या लिहून देत आहेत, आठवड्यातून एक दिवस. सोबत चार चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. त्यांतल्या एकीवर लिहिले होते, "बाटलीतून अक्षर उलटं दिसलं. जवळ नेलं तर सरळ. का ते बाईंनी अजून सांगितलं नाही."